वालूरच्या गवंड्यांना दिलेला शब्द कोणाचा, याबाबत

दि. १२ ऑक्टोबर १९८८

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
जळण व वीज बचत बांधकाम प्रसार योजना,
जिल्हा कक्ष, परभणी.

अर्जदार : दत्तराव किशनराव खिल्लारे, पदविकाधारक स्थापत्य अभियंता, रा. वालूर, जि. परभणी.

विषय : नव्या शिबिरासाठी गवंडी गोळा करण्यास नकार, व मागील शिबिराच्या वेळी आपण दिलेला शब्द गावासमोर कबूल करण्याबाबत.

संदर्भ : "आपल्या भागातून होतकरू गवंडी पाठवावेत" असे आपले याच महिन्यातील पत्र.

महोदय,

१) आपले पत्र मिळाले. त्यात आपण माझा "योजनेचे जुने सहकारी" असा उल्लेख केला आहे. तो वाचून काय वाटले हे सांगण्यासाठी हा अर्ज करीत आहे. हकीकत आपणास माहीत आहे. तरीही ती कागदावर यावी म्हणून पहिल्यापासून लिहितो.

२) मी सेलूला घरांचे नकाशे काढून देण्याचे कार्यालय चालवतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आपण तेथे आला होता. उन्हाळ्यात न तापणारी, कमी जळणात स्वयंपाक होईल व पंख्यावाचून माणूस बसू शकेल अशी घरे बांधणारे गवंडी जिल्ह्यात तयार करायचे आहेत, असे आपण सांगितले. मी विचारले की, शिकून आलेल्या गवंड्याला काम कोण देणार? लोक तर जुनी मातीच्या छताची माळवदे पाडून पत्रे टाकत आहेत. त्यावर आपले उत्तर असे होते : "दत्तराव, गवंडी तुमचं ऐकतात. माणसं तुम्ही आणा, मागणी उभी करणं माझ्याकडे लागलं. सरकारी इमारतीच्या प्रत्येक निविदेत अट घालतो, शिकलेला गवंडी असल्याशिवाय काम नाही. खाजगी बांधणाऱ्याने असा गवंडी लावला तर सिमेंटच्या परवान्यात त्याचा नंबर आधी." हा शब्द मी मागितला नव्हता. आपण होऊन दिला होता.

३) त्या शब्दावर मी सायकलवर वालूरपासून पोखर्णीपर्यंत फिरलो. पहिल्यांदा गेलो तो सटवाजी गवंड्याकडे. सटवाजी कोण हे आपणास सांगणे जरूर आहे. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून गावोगाव आमच्या वस्त्यांवर वाईट दिवस आले, तेव्हा हा माणूस आमच्या दारासमोर बाज टाकून बसला होता. त्याला कोणी बोलावले नव्हते, आणि त्याच्या भावकीला ते आवडलेही नव्हते. पुढे मी शिकून आलो तेव्हा माझ्या पहिल्या नकाशाचे घर त्यानेच बांधले.

माझे बोलणे ऐकून तो हसला. म्हणाला, "माझ्या बापानं जलमभर माळवदं घातली. अन् तुमी मला थंड घर शिकवायलाव? शिकतो बी. पर पुढं मला इचारनार कोन?" मी आपला शब्द त्याला जसाच्या तसा सांगितला. तो म्हणाला, "सायबाचं मला ठाव न्हाई. तू म्हनतोस म्हनून येतो." सेलूतील एका व्यापाऱ्याचा बंगला त्याच्या हाती होता. बांधकामाच्या भर दिवसांत तो सोडून सटवाजी शिबिराला आला. व्यापाऱ्याने बंगला दुसऱ्याला दिला.

४) आमच्या वस्तीतील चांगुणाबाई या विधवा बाई घमेली वाहण्याचे काम करीत. त्यांना मीच म्हणालो की, शिबिरात बायांनाही थापी धरायला शिकवणार आहेत. त्या मुलीला बहिणीकडे ठेवून आल्या. छतावर मडकी पालथी मांडून वर चुन्याचा कोबा करण्याचे काम त्या फार हौसेने शिकल्या. समारोपाच्या दिवशी आपण व्यासपीठावर त्यांना प्रमाणपत्र दिले व सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालात, "बाई, आता डोक्यावर घमेलं नाही, हातात थापी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

५) त्यानंतर मागणी उभी करण्याचे काम मात्र मीच करीत होतो. ज्याच्या त्याच्या ओट्यावर जाऊन सांगितले. उत्तर एकच मिळे : "आधी सरकारला बांधू द्या तसं, मग आमी बघू." म्हणून मी माझ्याच घराच्या पुढच्या खोलीवर सटवाजी व चांगुणाबाई यांच्याकडून मडक्यांचे छत घालून घेतले, उंच झरोके ठेवले. चैत्रात लोक पाहायला येऊ लागले. पाहायला येत, बसत, मग आडवे होत व घोरू लागत. रोज दुपारी माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. झोप झाली की चूळ भरून छताची तारीफ करीत, आणि घरी जाऊन पत्र्याचा भाव विचारीत. आपणही एकदा आला होता. जेवण झाल्यावर तेथेच लवंडलात व जागे झाल्यावर "पंखा कुठे लावलाय?" असे विचारलेत. पंखा नाही म्हटल्यावर आपण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "वस्तीजवळ सरकारी बाळंतपणाचं केंद्र व्हायचंय, ते असंच बांधायचं." सटवाजी तेव्हा दारात उभा होता.

६) अक्षय्य तृतीयेला त्या केंद्राचे भूमिपूजन झाले. शिबिरात शिकलेले गवंडी धुतलेले कपडे घालून आले होते. पाहतात तो बाहेरगावचा ठेकेदार, त्याचीच माणसे आणि कडेला पत्र्यांची थप्पी. सटवाजी पुढे होऊन आपणास म्हणाला, "सायेब, आमचं काम?" आपण म्हणालात, "कसलं काम?" तो म्हणाला, "शिकल्याबिगर काम न्हाई, आसं कबूल केलं व्हतं." यावर सर्व गावासमोर आपण जे बोललात ते शब्द असे : "असं मी कुणालाही कबूल केलेलं नाही. दत्तरावांनी उत्साहाच्या भरात काही सांगितलं असेल."

मी आपल्या शेजारीच उभा होतो. आपण माझ्याकडे पाहिले नाही. तरी मी आपले बोलणे खोडून काढले नाही. मला वाटले, साहेब अडचणीत आहेत, नंतर सावरून घेतील.

नंतर जीपजवळ आपण मला म्हणालात, "वरून अट मंजूर झाली नाही हो. चारचौघांत माझी अब्रू गेली असती. तुमचं काय, तुम्ही गावातलेच. लोक समजून घेतील."

७) महोदय, अट मंजूर झाली नाही, याचा मला राग नाही. तेवढेच तेथे सांगितले असते तर गवंडी माघारी गेले असते आणि चार दिवसांनी मीच पुन्हा त्यांच्यासाठी दारोदार फिरलो असतो. परंतु आमच्या वस्तीतल्या माणसाच्या शब्दावर गावातला गवंडी हातचे काम सोडून येतो, ही गोष्ट माझ्या वडिलांच्या हयातीत घडली नव्हती. ती माझ्या वाट्याला आली होती. आपली अब्रू राखण्यासाठी आपण माझी ती पत खर्ची घातली, आणि लोक समजून घेतील म्हणालात.

८) लोकांनी काय समजून घेतले ते ऐकावे. मी माणसामागे पैसे घेऊन शिबिर भरवले, असे गावात बोलले जाते. चांगुणाबाईंनी त्याच केंद्राच्या बांधकामावर घमेली वाहिली. मुकादम त्यांना "ओ सर्टिफिकेट, इकडं या" अशी हाक मारी. त्या मला एवढेच म्हणाल्या, "दादा, आधी घमेल्याचं वजन डोक्यालाच लागायचं."

सटवाजी माझ्याकडे येईनासा झाला. शेवटी मीच त्याच्या घरी गेलो. म्हटले, तुलाही तसेच वाटते का? तो म्हणाला, "लोक म्हनायलेत तू पैसे खाल्ले. मी तुला इचारनार न्हाई दत्ता. इचारलं अन् तू हो म्हनलास, तर मी काय करू?" मी नाही म्हणालो. त्याने मान हलवली. ती विश्वास बसला म्हणून हलवली की मी जावे म्हणून, ते मला अजून कळलेले नाही.

९) केंद्र पावसाळ्यात पुरे झाले. आता ऑक्टोबरच्या उन्हात तेथील नर्सबाई टेबल बाहेर काढून लिंबाखाली बसतात, आणि बाळंतिणीला तिसऱ्या प्रहरी व्हरांड्यात आणून निजवतात. अशा वेळी आपले पत्र आले की, आणखी गवंडी पाठवा.

१०) तरी विनंती की, माणसे शिकवण्याआधी अट मंजूर करून घ्यावी व तिची प्रत गावोगाव लावावी. शिकलेले हात या भागात आहेत, त्यांना बोलावणारे कोणी नाही. तोपर्यंत मी एकही गवंडी पाठवणार नाही, व माझे नाव शिबिराच्या पत्रकावर छापू नये.

दुसरी विनंती माझ्या स्वतःसाठी आहे. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी आपण वालूरला यावे आणि तो शब्द आपला होता एवढे एक वाक्य लोकांसमोर बोलावे. माफी मागावी असे माझे म्हणणे नाही. आपण आलात तर मी आपल्या शेजारी उभा राहीन व आपणास कोणी वेडेवाकडे बोलणार नाही, याची जबाबदारी घेईन. न आलात तर मी एकटा उभा राहून सर्व हकीकत सांगणार आहे. सटवाजीला पहिल्या रांगेत बसण्यास सांगितले आहे. त्याने अद्याप हो म्हटलेले नाही. त्या वेळी मी आपले नाव घेणार आहे, आणि ते आपणास दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आजच लेखी कळवीत आहे.

आपल्या बोलण्यावर विसंबलेला,

(सही)
दत्तराव किशनराव खिल्लारे
वालूर