हिरव्या कपाटातली अंडी

४ जून
कोबीवरची पतंगीण अंडी कुठे घालते हे ठरवायला आमच्या प्रयोगशाळेत दोन कपाटं, कोबीची पानं आणि एक सर लागतात. एका कपाटात रात्रभर हिरवा दिवा, दुसऱ्यात लाल. सकाळी दिवे आपोआप विझतात, मग मी भिंग घेऊन अंडी मोजत बसते. घरी गेल्यावर नवरा विचारतो, "आज किती डझन?" रोज तोच विनोद!

हिरव्या उजेडात बायांना दिवसच वाटतो, बिचकून बसतात. लाल त्यांना दिसतच नाही – मग अंधार समजून अंड्यांचा नुसता सडा घालतात. म्हणजे शेतात हिरवे दिवे लावा, कीड कमी. इतकं सरळ. महिनाअखेर सर हे समितीसमोर मांडणार. त्यावर माझी मुदतवाढ. नाहीतर मी घरी.

९ जून
सरांची बायको लेकीकडे राहायला गेल्यापासून सरांचे कपडे आपसात भांडायला लागलेत. आज मरून पॅन्टवर पोपटी शर्ट! आणि एका पायात लाल मोजा, दुसऱ्यात हिरवा. शिपायाला एकदम खोकला आला, तो बाहेरच गेला.

१२ जून
दोन्ही दिवे गेले. नवे सरांनी स्वतः लावून बघून बसवले, स्टुलावर चढून. मी मदतीला गेले तर म्हणाले, मला जमतं.

१७ जून
पाच दिवस झाले, सगळं उलटं! हिरव्या कपाटात अंडीच अंडी, लाल कपाटातली पानं कोरी. मी म्हटलं, काहीतरी घोळ आहे. सर म्हणाले, घोळ नाही, शोध आहे. पतंगांनी म्हणे आवड बदलली. जसे काही घराचे पडदेच! दिवसभर शीळ घालत फिरत होते.

१८ जून
संध्याकाळी दिवे लागेपर्यंत मुद्दाम थांबले. विझलेले असताना दोन्ही सारखेच पांढरे, कळणार कसं? 'हिरवा' अशी चिठ्ठी लावलेलं कपाट उघडलं. आत लालभडक! शोध म्हणे.

१९ जून
सरांना सांगितलं. चेहरा उतरला. मग दार लोटून म्हणाले, "समितीला सांगू, दिवे तुम्ही बसवले." तुम्ही तरुण आहात, तुमची चूक खपून जाईल, असंही वर. खपेल ना! तिच्याबरोबर माझी नोकरीही खपेल. इतका संताप आला की डबा तसाच घरी नेला. नवऱ्याने आज डझनाचं विचारलं नाही.

२० जून
भांडायच्या तयारीनेच गेले. सर खुर्चीत, पायात तीच लाल-हिरवी जोडी. म्हटलं, "बरं, दिवे मी बसवले. आणि हे मोजे कुणी चढवले?"

सरांनी दोन्ही पाय पुढे घेतले. बराच वेळ निरखून पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "का? सारखे नाहीत?"