लहान मुलांनाही जमेल असा रस्ता

२ जून

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझा सर्कीस दोनदा खोकला. दोनदाच, पण मी मोजला. तो खोकला नव्हता, आमचे संत, मार अंतोन, आठवण करून देत होते.

आठ महिन्यांचा असताना त्याचा ताप उतरेना तेव्हा मी त्या संतांना बोलले होते. पोर वाचू दे, तुमच्यासारखा झगा घालीन त्याला, आणि माझ्या पायांनी चालत तुमच्या चर्चला येऊन तिथेच उतरवीन. पोर वाचलं. आता अडीच वर्षांचा आहे. तपकिरी झगा अजून अंगावर, कमरेला दोरी. खालून तीनदा कापड जोडलं. सासूबाई म्हणतात, राहू दे गं, लग्नही यातच लावू, नवा सूट शिवायला नको.

तेरा तारखेला संतांचा सण. त्याच्या आतच उरकते. रस्ता सोपा आहे. जुन्या रेल्वेचे रूळ काढून नगरपालिकेने खडी टाकलीय, बाकं ठेवलीयत. बोर्डावर लिहिलंय, सहा किलोमीटर, लहान मुलांनाही जमेल. मधे एक बोगदा आहे. त्याचं काही नाही.

उद्याच जाते.

३ जून

गेले नाही. चपलेचा पट्टा. तुटला नाही, पण वाटेत तुटला असता तर?

५ जून

तन्नूसदादा आला. माझा थोरला भाऊ, व्हॅन चालवतो. म्हणाला, अगं, बैरुतची आगगाडी ऐंशी वर्षं धापा टाकत त्या रस्त्याने चढली, तुला खडीवरून चालवेना? मी म्हणाले, तयारी चाललीय. म्हणाला, बस व्हॅनमध्ये, चर्चच्या दारात सोडतो, संत काय तुझ्या चपला उलट्या करून बघणारेत? मी म्हणाले, नवस पायांचा आहे. तर म्हणतो, मग पाय खिडकीतून बाहेर काढून बस.

खूप हसले. मग हसल्याचं वाईट वाटलं.

६ जून

सर्कीसला पाठीला बांधून गच्चीवर अकरा फेऱ्या मारल्या. दम लागला नाही. बोगदा सोडला तर मी तयार आहे.

८ जून

बोगद्यापर्यंत गेले. आत वळण आहे, पलीकडचा उजेड दिसत नाही. भीती नाही वाटली. सर्कीसची टोपी घरी राहिली म्हणून परत आले. सासूबाई म्हणाल्या, टोपी त्याच्या डोक्यावर आहे की.

लढाईत त्या नऊ दिवस त्याच बोगद्यात राहिल्या होत्या, वरून तोफा चालू. म्हणतात, गारवा छान होता, दही आंबत नव्हतं. अशा बाईला काय सांगायचं?

९ जून

शेजारची विदाद आली. सणाला सकाळी चर्चचे चाळीस जण चालत निघणारेत, तूही चल, गाणी म्हणत जाऊ. चाळीस जण. त्यांच्यासमोर माझे पाय लटपटले तर? म्हणून म्हणाले, बोगद्यात दगड पडतायत, ऐकलं नाहीस का? कसं तोंडातून गेलं कळलं नाही. पण फक्त विदादला बोलले.

१० जून

विदादला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं. फादरनी चालत जायचं रद्द केलं. सगळे दादाच्या व्हॅनने जाणार, तीन खेपा. उम्म यूसुफ म्हातारी रडली. तिचाही चालत जायचा नवस होता, गुडघ्यासाठी. मी तिला वाडगाभर लबने, घट्ट दही, नेऊन दिलं, तर मलाच आशीर्वाद देत बसली.

उद्या खरं सांगते.

११ जून

सांगायचं राहिलं. नगरपालिकेचा माणूस बोगदा बघून आला. म्हणाला, एक खडाही पडलेला नाही. लोक म्हणाले, नगरपालिकेवर कोण विश्वास ठेवतो!

माझ्यावर ठेवतात.

१२ जून

सर्कीसचं कपाळ गरम लागतंय. दवाखान्यातली नर्स म्हणाली, ताप नाही, तूच उन्हातून आलीस, तुझे हात गरम आहेत. पण थर्मामीटरला नवस कुठे कळतो? उद्या जाणारच. एकटी. चाळीस जण सोबतीला होते, मीच घालवले.

१३ जून, सकाळी आठ

शेवटची व्हॅन गेली. मी चालत येते म्हणाले. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, पोरी, दगडांची भीती नाही वाटत तुला? मी म्हणाले, दगडांची नाही.

१३ जून, अकरा वाजता

बोगद्याच्या तोंडाशी बसलेय. सर्कीस पळत आत गेला आणि स्वतःचं नाव ओरडला. बोगदाही ओरडला. पोर खदखदून हसलं. मी सात पावलं गेले, त्याला उचललं, बाहेर आले. परत सात. परत बाहेर. टॉर्च आणलाय, पण चालताना उजेड भिंतीवर नाचतो. ते जास्त वाईट.

कालपासून वीज नाही, फोन मेलाय.

घर मागे तासाभरावर आहे. पण आता मागे फिरले तर मी परत कधी येणार नाही. माहीत होतं मला. लिहिलं नव्हतं.

नखले आजोबा बकऱ्या घेऊन गावाकडे चाललेत. त्यांना ऐकू येत नाही, वाचता येत नाही. हे पान फाडून त्यांच्या हातात देते, दुकानात द्या म्हणून खूण करते.

जो कोणी वाचेल त्याला. बोगद्यात दगड पडत नाहीत. मी नुहाद, मी खोटं बोलले. उम्म यूसुफना सांगा, त्यांचा नवस अजून चालत फेडता येईल. मला बोगद्याची भीती वाटते. माझ्या भावाला फोन करा, तन्नूस व्हॅनवाला, दुकानाच्या भिंतीवर नंबर आहे. तो चर्चपाशी असेल. त्याला म्हणावं, व्हॅन तिथेच ठेव आणि पलीकडून चालत ये. पायांचं मी संतांना बोलले होते. हात कुणाचा धरायचा, ते काही बोलले नव्हते. लगेच करा फोन, सर्कीस परत आत पळायला बघतोय.