चाळीस रोपांवरचं नाव

मंगळवार, १० मे १९९४

प्रिय रेलीन,

इथे आम्ही सगळे ठीक आहोत. पाऊस थांबल्यापासून क्लॅरीमामाचा गुडघा कुरकुरत नाही. डोहाचं पाणी काठाखाली गेलंय. परवा एल्सीमावशीच्या जाळ्यात हातभर लांब बारामंडी मासा लागला. झाडाच्या कागदी सालीत गुंडाळून निखाऱ्यांत पुरला आणि सगळ्यांनी मिळून खाल्ला. तुझी आठवण कोणी काढली नाही. हे मुद्दाम लिहितेय.

शाळेसाठी पाठवलेली तुझी चाळीस रोपं पोचली. रोपं उत्तम आहेत, खोटं कशाला बोलू? कागदी सालीच्या झाडाचं बी राखेसारखं बारीक, ते मातीने झाकायचं नाही, ट्रे पाण्यात बसवायचा, हे आईने शिकवलेलं सगळं तिकडे डार्विन शहरात तुझ्या रोपवाटिकेत तुझ्या लक्षात राहिलं. मग बाकीचं कसं ग विसरलीस?

प्रत्येक रोपाला पांढरं लेबल, आणि त्यावर आईचं नाव! छापील, ठळक. ती गेल्याला दोन महिनेही झाले नाहीत, आणि गेलेल्या माणसाचं नाव आपल्या लोकांत कोणी तोंडावर आणत नाही, हे तुला मी सांगायला हवं? तिच्या नावाचा साबण होता म्हणून दुकानदाराने तोसुद्धा फळीवरून काढून ठेवलाय, आणि तो तर गोरा माणूस. तुझी लेक तिच्याच नावाची, तिलाही इथे सगळे आता नुसतं 'ती पोर' म्हणतात. आणि पोटची मुलगी तेच नाव झाडाला लटकवून पाठवते.

काय झालं ते ऐक. नव्या हेडमास्तरांनी सगळ्यांना मैदानात बोलावलं, कर्णा तोंडाशी धरला आणि लेबलवरचं नाव मोठ्याने वाचलं. दोनदा. एल्सीमावशीने रुमाल तोंडावर ओढला आणि जमिनीवर बसली. बायकांनी पोरांना ओढत घरी नेलं. मैदानात हेडमास्तर, क्लॅरीमामा आणि मी, एवढेच उरलो.

ते म्हणाले, "अहो, हा तर सन्मान आहे. शाळेच्या दारावर त्यांच्या नावाची लाकडी पाटीही लावणार आहोत. तुमच्या बहिणीने तसं लिहून दिलंय."

मामा म्हणाला, "सन्मान करायचाय ना? मग जरा गप्प बसा."

"पण कुटुंबाची परवानगी आहे माझ्याकडे."

"कुटुंब इथे उभं आहे. कागद शहरातून आलाय."

त्यांनी तो कागद काढून दाखवला. खाली तुझी सही. तारीख गेल्या वर्षाची, हे मी पाहिलं. तेव्हा ती होती, आणि झाडाला आपलं नाव मिळणार म्हणून आठवडाभर मिरवत होती, हेही मला आठवतं. पण ती गेल्यावर तो कागद परत घेणं तुझं काम होतं. मी बोलले तर ते ऐकत नाहीत, म्हणतात सही तुमच्या बहिणीची, नकारही तिचाच पाहिजे. येत्या सोमवारी सुतार पाटी ठोकणार आहे. एकदा ती लागली की रोज दोनशे पोरं ते नाव वाचणार, आणि नावाने हाका मारत राहिलं तर ती जाणार कशी? इथेच घुटमळत राहील बिचारी. जिवंतपणी तिला कुठे उशीर झालेला चालायचा नाही.

तू म्हणशील, मी रागाच्या भरात लिहितेय. हो, रागातच आहे. दफनाच्या वेळी रस्ता पाण्याखाली होता असा निरोप पाठवलास. रस्ता होता पाण्याखाली. विमान येत होतं. मामाने तुझ्यासाठी तीन दिवस थांबवलं होतं सगळ्यांना.

शवपेटीत अंथरायची साल दोन मुलींनी काढायची असते. एकीने वरून सोलायची, दुसरीने खालून हातावर झेलायची. एकाच बाजूची, वरचे पापुद्रे तेवढे, आतल्या लाल सालीला धक्का न लावता. आपण दोघींनी आजीसाठी काढली होती, तेव्हा तू झेलायला होतीस. यावेळी मामी म्हणाली मी येते, तर मी तिला हाकलून दिलं. म्हटलं, माझी बहीण येईल.

आता जे लिहितेय ते मामालाही सांगितलेलं नाही. मी एकटी गेले डोहावर, आईच्याच झाडाकडे, तू ज्याचं बी नेलंस त्याच. वरून सोलली की साल चिखलात पडायची. पुन्हा सोलायची, पुन्हा पडायची. मग माझं डोकं फिरलं आणि मी कुऱ्हाड घेतली. कुठे थांबायचं ते मला कळत होतं, तरी थांबले नाही. लाल सालीच्या आतपर्यंत गेले, खोडाभोवती पूर्ण फिरले. आणि प्रत्येक घावाला तिचं नाव घेत होते, ओरडून. हेडमास्तरांना काय बोलू? त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

झाड शेंड्याकडून वाळतंय. सगळे म्हणतात, वीज पडली असेल. मीही मान डोलावते.

रेलीन, हे पत्र हातात पडताच हेडमास्तरांना नकार लिही आणि गुरुवारच्या विमानात टाक. तुझ्या रोपवाटिकेतल्या रोपांचीही लेबलं काढ. मग तू स्वतः ये. मावश्या आधी तुला पोटभर बोलतील, डोकं खाली घालून ऐकून घे, उलट बोलू नकोस. रडणं झालं की आपण दोघी डोहावर जाऊ, आणि तिथे मी काय केलंय ते तू बघ. मला एकटीला आता त्या वाटेने जाववत नाही.

जिचं नाव अजून मोठ्याने घेता येतं, ती तुझी थोरली बहीण,
व्हर्ना