डाय थकली म्हणे!

सरावली, मंगळवार

ती. दिनानाथभाऊ,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या कागदावरच). माहीमच्या वाडीत पानवेली बऱ्या असतील आणि तुमचा खोकला गेला असेल, असं धरून चालतो. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच हसता. पत्र वाचून हसलात तरी मला ऐकू येत नाही.

मंदाने नाण्याचा प्रकार कळवलाच असेल. ती तुमची बहीण आहे, म्हणून तिचं सगळं खरं मानू नका. झालं असं, की वाण्याकडच्या सुट्ट्या पैशांत मला राष्ट्रीय एकात्मतेचं जुनं दोन रुपयांचं नाणं मिळालं. त्यावरची अक्षरं दुहेरी! नाणं ज्या पोलादी ठशाने उमटतं ती डाय. ती घडवतानाच छाप दोनदा, जरा सरकून बसला, तर पुढे प्रत्येक नाण्यावर अक्षरं जोडीने येतात आणि संग्राहक अशा नाण्यांसाठी गावोगाव फिरतात. (हे मला कुणी शिकवायला नको. तारापूरच्या वसाहतीत एकतीस वर्षं मी पत्र्याच्या बिल्ल्यांवर नंबर उठवायच्या डाय बनवल्यात.) नाणं थोडं काळवंडलं होतं, ते चिंच आणि राख लावून चकचकीत केलं, स्थिती 'अत्युत्तम' ठरवली आणि आळीत पेढे वाटले. वाटायला नको होते, असं मंदा म्हणते. मी म्हणत नाही.

शनिवारी पालघरला नाण्यांचं प्रदर्शन होतं. शेजारचा पंढरी आणि आणखी तिघे (पेढे खाल्लेले) रिक्षात कोंबून मी तिथे गेलो. नाणी तपासायला रूपल नावाची तिशीतली मुलगी बसली होती. तिने नाणं कडेने धरलं, दिव्याखाली तिरकं केलं आणि हे कुणी घासलंय का, म्हणून विचारलं. निगा राखली आहे, असं मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, टांकसाळीची मूळ झळाळी गेली ती गेली, आता बारीक ओरखडे तेवढे चमकताहेत. इथवर मी ऐकून घेतलं. मग तिने भिंग लावलं.

"काका, ही डबल डाय नाही. डाय थकलीय."

मी एकतीस वर्षं सांगितली. चारचौघांत, मोठ्याने. तिने वाद घातला नाही. भिंग माझ्यासमोर सरकवलं.

"मग तुम्हालाच जास्त दिसेल," ती म्हणाली.

मी पाहिलं. खरी जोड असती तर दोन्ही अक्षरं स्वच्छ, वेगळी दिसली असती आणि काना संपतो तिथे दोन टोकांमध्ये खाच असती. इथे खाच नव्हती. अक्षरं सुजल्यासारखी, कडा विरघळलेल्या, कडेकडे पसरलेली नुसती सावली. पंढरी माझ्या खांद्यावरून वाकून काय दिसतं ते विचारत होता.

भिंग खराब आहे, असं मी जाहीर केलं आणि बाहेर पडलो. घरी मंदा एवढंच म्हणाली, "नाण्याचं जाऊ दे, त्या भिंगानं तुमचं काय घोडं मारलंय?" मी जेवलो नाही. आजही माझं म्हणणं तेच आहे, भाऊ, आणि कुणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगा.

तुमचा,
शांताराम

ता. क. भिंग चांगलं होतं.

ता. क. २. रविवारी सकाळी मी एकटाच प्रदर्शनात परत गेलो आणि रूपलला तसं सांगून आलो. लाखभर बिल्ले ठोकल्यावर आठाचा आकडा असाच सुजायचा. तो पाहून डाय बदलायचा निर्णय कारखान्यात माझा असे, आणि शनिवारी चारचौघांत मी खोटं बोललो. ती हसली नाही. आठ का सुजतो, पोलाद कुठून आधी झिजतं, हेच विचारत बसली. निवृत्तीनंतर मला हे कुणी विचारलं नव्हतं.

ता. क. ३. पत्राचं खरं कारण. निवृत्त होताना आणलेली माझी शेवटची झिजकी डाय तुमच्याकडे वहिनी लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर वजन म्हणून ठेवतात. मंदा या आठवड्यात तिकडे येतेय, तिच्याबरोबर ती पाठवून द्या. येत्या रविवारी बोईसरला रूपलच्या नाणेसंग्राहक मंडळात थकलेल्या डायवर मी बोलणार आहे. मला वीस मिनिटं दिली आहेत. मी चाळीस घेणार.