डावा खांदा, उजवा खांदा

४ ऑक्टोबर, रविवार

ह्यांची दुसरी ओळ अजून पक्की नाही! 'ग, प, र' म्हणतात आणि अडतात. माझ्या चष्म्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते तेव्हा भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पावतीच्या मागे उतरवून आणला — चोरीच ही. पस्तिशीत लेकीच्या जुन्या पुस्तकांवरून अक्षरं शिकलेली मी, आता नवऱ्याची उजळणी घेतेय. गुरुवारी ह्यांच्या डोळ्यांची तपासणी. सत्तरीनंतर तिच्याशिवाय होडीचा परवाना मिळत नाही.

५ ऑक्टोबर, सोमवार

लेकीचा फोन. बाबांना नीट दिसतं ना, विचारत होती. दिसतं म्हटलं. काय करू! चाळीस वर्षं प्रवासी लाँच चालवलेल्या माणसाला सुकाणू सोडा म्हणायला जीभ रेटत नाही. कान तेवढे तिखट राहिलेत. दोन वर्षं झाली, डोळे माझेच. होडीत मी मागे उभी, हात त्यांच्या खांद्यांवर. डावा दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. धक्क्यावरचे लोक म्हणतात, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय! हसून घेते.

६ ऑक्टोबर, मंगळवार

घरी बसल्या जागीही होडीत असल्यासारखं अंग हलतंय.

सकाळी आभाळ भरलेलं. नको म्हटलं. तर म्हणाले, गुरुवारनंतर कदाचित उंबऱ्यावरच बसायचंय, आज चल. गेलो बेटापर्यंत. डबा खाल्ला. इंजिनाच्या तालावर गुणगुणत होते — किती दिवसांनी!

परतताना वारा फिरला. पाऊस आडवा. चष्म्यावर पाणी, पुसायला कोरडं काही नाही. समोर लाल दिसलं. खडकांच्या अलीकडचा बोया तो, पाण्यावर तरंगणारी खूण, तिथे डावीकडे वळायचं. डावा खांदा दाबला. बोया नव्हताच — कुणाच्या तरी जाळ्याला बांधलेला लाल डबा! होडीचा तळ खडकाला घासला.

नांगर टाकला. मग चार तास त्या हातभर केबिनमध्ये, गुडघ्याला गुडघा लावून. दार उघडावं तर पाऊस आत, लावावं तर जीव गुदमरतो. पाणी उपसायचं, बसायचं, परत उपसायचं. दहादा वाटलं सांगावं, अहो, माझं चुकलं. दर वेळी पुन्हा पाणीच उपसायला लागले. ते एवढंच म्हणाले, लेकीला कळू द्यायचं नाही.

गस्तीची बोट आली. तिचा कप्तान एके काळी ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. काका, तुम्ही आणि ह्या खडकांवर कसे, त्याला खरंच कळेना.

"हात चुकला माझा," हे म्हणाले.

दोर लावून आमची होडी ओढत नेली त्यांनी. धक्का येईपर्यंत ह्यांनी मान वर केली नाही. आणि मी गप्पच!

७ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी स्वतःच म्हणाले, चल, घे उजळणी. चारही ओळी घडाघडा! एक चूक नाही. शाबासकी द्यायची सोडून मला रडू फुटलं. उद्या पास होणार. म्हणजे मी पुन्हा त्या खांद्यांमागे, आणि आता हातांवर माझाच भरवसा नाही. आज खरं सांगितलं तर दोन वर्षांचं सगळं बाहेर येणार. ना पुढे जाता येत, ना मागे.

तक्त्याची पावती फाडायला घेतली. घडी करून परत चष्म्याच्या डबीत ठेवली.

८ ऑक्टोबर, गुरुवार

तक्ता तोच होता. डॉक्टर म्हणाले, वाचा आजोबा. हे म्हणाले, भिंत दिसते नुसती.

येताना ह्यांनी परवान्याचा कोरा अर्ज मागून घेतला. माझ्या हातात दिला. नाव तुझं घाल, म्हणाले, वयाने तू अजून बसतेस त्यात.

पायरीवर मी धीर केला, मंगळवारचं सांगायला तोंड उघडलं. तेच आधी बोलले. "जाळ्याचा डबा होता ना तो? बोयाला घंटा असते. मला ऐकू आली नव्हती."

मग वळवलीत कशाला होडी, मी विचारलं.

"तू सांगितलंस म्हणून."