दार न उघडता

हैदराबाद, ९ ऑगस्ट २००६

प्रिय पॉलिन,

प्रभूची दया आहे आणि इथलं जेवण तिखट आहे, दोन्हींवर मी धडधाकट आहे. आयचा खोकला कसा आहे? निर्मळच्या वाडीत केळींना टेकू दिलेस ना?

सरकार आपलं वसईचं आयटीआय आधुनिक करायला पैसे देणार म्हटल्यावर सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो होतो. म्हणूनच बहुधा शिकायला मला पाठवलं. आता हसू येत नाही. इथलं लेथ मशीन कॉम्प्युटरवर चालतं. काचेचं दार लावून बटण दाबलं, की आतल्या आत लोखंड काकडीसारखं सोललं जातं. आपल्या आयटीआयच्या पोरांचं दिवसभराचं काम चहा निवायच्या आत तयार! देवळात उभं राहावं तसा मी त्याच्यापुढे उभा असतो.

पण काम नीट होतंय का बघायला हात आपोआप दार उघडतात, आणि मशीन थांबतं. शिकवणारी मुलगी आपल्या फेलिशियाएवढी. काल म्हणाली, "सर, हात खिशात ठेवा." इतकी वर्षं मी पोरांवर ओरडतोय, खिशातले हात काढा म्हणून!

सोमवारी परीक्षा आहे. मी नापास झालो तर वसईला येणारं मशीन शिकवायला कुणी नाही, ते खोक्यातच पडून राहील. तू काळजी करू नकोस, मी करतोय तेवढी पुरे.

आज पहिल्यांदाच दार न उघडता मी एक लोखंडी पिन पूर्ण केली. आरशासारखी चकाकत होती. मुलगी म्हणाली, "आता काढा हात, सर."

नवी सवय मोडायला नको, म्हणून आणखी थोडा वेळ खिशातच ठेवले.

सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझाच,
बस्त्याव