ओनोसे पंपाचे शेअर कोणी विकायचे

मी, श्रीमती कुमुदिनी विजयकुमार रिसबूड, वय वर्षे बहात्तर, निवृत्त संशोधक, राहणार त्सुकुबा, इबाराकी प्रांत, जपान, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. स्मरणशक्ती ठीक आहे. गुडघे ठीक नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही.

हा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मी स्वहस्ते लिहिते आहे, कारण जपानी कायद्याला माझे अक्षर हवे असते. शेवटी दोन साक्षीदारांच्या सह्या घेणार आहे, कारण भारतीय कायद्याला माणसे हवी असतात. शिक्काही मारते. दोनपैकी एका देशाचे तरी समाधान व्हावे.

याच वर्षी मार्चमध्ये केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझ्या मुलीला एका गोष्टीतून वगळले होते. तेव्हा मला ते शहाणपणाचे वाटले होते. तिला तसे वाटले नाही. त्याचा खुलासा कलम ६ मध्ये आहे. घाई असेल त्याने थेट तिकडे जावे.

कलम १. वारस. माझे पती विजयकुमार हयात नाहीत. मला दोन अपत्ये. थोरली कादंबरी, राहणार अमेरिका, तिथल्या एका राज्याच्या सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडात अधिकारी. धाकटा जयेश, राहणार निशी-कसाई, तोक्यो, सॉफ्टवेअरमध्ये. दोघांना सर्व काही समान मिळावे.

समान हा शब्द मी सवयीने लिहिलेला नाही. माझे वडील गेल्यावर डोंबिवलीच्या फ्लॅटसाठी माझ्या भावाने माझ्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले. "ताई, तू जपानला. तुला कुठं इथं राहायचंय?" तो म्हणाला. खरेच होते, मला तिथे राहायचे नव्हते. पण कागद टाइप करून आणलेला होता. आधी चहा झाला, मग सही. भावावर माझा राग नाही. त्या चहावर अजून आहे.

कलम २. त्सुकुबाचे घर विकून येईल ती रक्कम दोघांत निम्मी-निम्मी वाटावी. इथे जुन्या लाकडी घराला कोणी विचारत नाही, जमिनीला विचारतात. दलालाने "घर पाडायचा खर्च" असा शब्द काढला तर वाईट वाटून घेऊ नये. बँकेतील ठेवी निम्म्या-निम्म्या, कलम ६ मध्ये सांगितलेल्या वजावटीनंतर. गाडी मोडीत द्यावी. सायकल माझी नात, जयेशची मुलगी ओवी हिला, कारण ती क्योतोला शिकते आणि तिथे सायकलीवाचून अडते. ओवीला मराठीत काही विचारले की ती जपानीत उत्तर देते. उत्तर देते, हे पुष्कळ झाले.

कलम ३. हत्यारे. मायक्रोमीटर जयेशला, व्हर्नियर कादंबरीला. दोघांनाही नको आहेत हे मला माहीत आहे. तेल लावून ठेवावीत.

कलम ४. माझे पुरणयंत्र इथल्या मराठी मंडळातले विनायक केतकर यांच्याकडे एका गणेशोत्सवापासून आहे. ते मागू नये. मात्र केतकर भेटायला आले, तर पुरणपोळीचा विषय अवश्य काढावा आणि त्यांच्या तोंडाकडे पाहावे.

कलम ५. दहन इथेच करावे. इथे दहनानंतर दोघे जण मिळून, लांब काड्यांनी, एकच अस्थी उचलून कलशात ठेवतात. कादंबरी आणि जयेश यांनी हे करावे. सराव लागेल.

कलम ६. ओनोसे पंप कंपनी, त्सुचिउरा, हिचे माझ्या नावे असलेले शंभर शेअर. हे कलम लांबणार आहे.

मी इथल्या एका संशोधन संस्थेत पंपाच्या सीलवर काम केले. सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची कडी. पंपातला द्रव तिने बाहेर येऊ द्यायचा नसतो. ओनोसे कंपनी आपली सीले आमच्याकडे तपासणीला पाठवी. मी ती घासून, तापवून, फिरवून पाही आणि परत पाठवी. पुढे ती कुठे जातात, हे मला कधीच कळत नसे. निवृत्तीनंतर वाटले, आता विचारावे. पण विचारायचे कोणाला? वार्षिक सभेत भागधारकाला उभे राहून प्रश्न विचारता येतो, असे कळले. त्यासाठी किमान शंभर शेअर लागतात. मी तेवढे घेतले. नफ्याचा हेतू नव्हता आणि तो झालाही नाही.

सभेला बहुतेक म्हातारी माणसे येतात आणि भेटवस्तूची पिशवी घेऊन जातात. मी उभी राहिले आणि विचारले, आपले काही पंप इराणला गेल्याचे अहवालात आहे, ते कुठे बसले आहेत? अध्यक्ष ओनोसे-सान आधी वाकले, मग म्हणाले, काही शहराच्या पाणीपुरवठ्यात, काही तेलशुद्धीकरण कारखान्यात.

"पंप तोच?"

"तोच."

"सील?"

"सीलही तेच."

शेजारचे आजोबा कुजबुजले, "तुम्ही त्या देशाच्या का?" मी म्हटले, "नाही, सीलच्या."

आता दुसरी बाजू. कादंबरीच्या राज्यात कायदा आहे की, ज्या कंपन्यांचा इराणच्या तेलधंद्याशी ठरावीक मर्यादेपलीकडे संबंध आहे, त्यांच्यात सरकारी पेन्शनचा पैसा ठेवायचा नाही. आधी कंपनीला पत्र लिहून विचारायचे, उत्तराची वाट पाहायची, समाधान झाले नाही तर शेअर विकून मोकळे व्हायचे. ही पत्रे लिहिणे हे कादंबरीचे काम. फोनवर मी तिला विचारले, "पाण्याचा पंप चालतो, तेलाचा चालत नाही. पण पंप एकच असेल तर?"

"आई, नियम पंपाला नाही. कंपनीला आहे."

"आणि सीलला?"

"आई, मी ऑफिसात आहे."

पुढच्या सभेत ओनोसे-सान म्हणाले, रिसबूड-सान मागे जे विचारत होत्या, नेमके तेच अमेरिकेहून एका पत्राने विचारले आहे. खाली सही के. रिसबूड. मी उभी राहून सांगितले, ती माझी मुलगी. सभेने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कशासाठी होत्या, याचा मी अजून विचार करते.

त्यानंतर ओनोसे-सान यांनी कोणताही सभ्य इबाराकीकर करील तेच केले. त्सुचिउराची कमळकाकडी प्रसिद्ध. तिच्या शेवयांचा एक सुबक खोका त्यांनी कादंबरीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवला. सोबत कार्ड: आपल्या मातोश्रींचा आम्हाला नेहमीच आधार वाटतो. म्हणजे जिची चौकशी चालू आहे त्या कंपनीकडून, चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, भेट.

कादंबरीचा फोन आला. "आई, शेवया आल्यात."

"कशा आहेत?"

"कपाटात कुलपात आहेत. वर माझं नाव आणि केस नंबर आहे. तू काय सांगितलंस त्यांना?"

"तू माझी मुलगी आहेस एवढंच."

"तेवढंच पुरलं."

तिला वरिष्ठांना सगळे लिहून द्यावे लागले. आई कोण, शेअर किती, कधी घेतले. कंपनीचे काम तिच्याकडून काढून सहकाऱ्याला दिले. ओनोसे-सान यांना हे कळले तेव्हा ते माझ्या घरी येऊन दारातच इतके खाली वाकले, की मला चहाचे विचारायचेही सुचेना. यात चूक कोणाची, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला कोणीच सापडत नाही.

पुढे फंडाने आपल्याकडचे ओनोसेचे शेअर विकले. मी सभेत विचारले, घेतले कोणी? ओनोसे-सान म्हणाले, माहीत नाही, बाजाराने. म्हणजे एकाने संबंध तोडला तेव्हा दुसऱ्या कोणी तरी तो जोडला, आणि पंप होते तिथेच राहिले. पाणीपुरवठ्याच्या पंपांना लागणारी सीले पाठवायला नियमाची हरकत नाही. पण पैशांची देवघेव करायला बँक तयार नाही, म्हणून ती त्सुचिउराच्या गोदामात पडून आहेत. मी पाहायला मागितली, त्यांनी दाखवली. सीलमधले रबर असे पडून राहिले तर कडक होते, हे मी सांगून आले. नियम चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. तो कुठून कुठपर्यंत पोहोचतो, हे मला पाहावेसे वाटते.

आता मूळ मुद्दा. फंडाच्या कर्मचाऱ्यांनीही अशा कंपन्यांचे शेअर घ्यायचे नाहीत, असा त्यांच्याकडे नियम आहे. म्हणून मार्चच्या मृत्युपत्रात मी हे शेअर जयेशला लिहिले आणि कादंबरीला तेवढीच रक्कम जास्त दिली. दोघांना प्रत पाठवली. रविवारी सगळे व्हिडिओ कॉलवर आले.

"आई, शेअर जयेशला का?"

"तुझ्या ऑफिसचा नियम आहे ना, बाई."

"नियम विकत घेण्याचा आहे. वारशाने आले तर काय, हे तू कोणाला विचारलंस?"

जयेश मध्ये पडला. "ताई, तेवढेच पैसे तुला मिळतायत, शिवाय कटकट नाही. तुझ्या नावावर असते तरी मीच इथून विकून पाठवले असते."

"तू कशाला विकशील? तुझ्या ऑफिसचा नियम आहे का?"

"अगं, शंभर शेअर आहेत. कंपनी नाही देत आहे आई मला."

"डोंबिवलीचाही फ्लॅटच होता. बिल्डिंग नव्हती."

 मागून, सुट्टीला घरी आलेली ओवी जपानीत काही तरी म्हणाली आणि जयेशने तिला गप्प केले. मी विचारले, काय म्हणाली ती? जयेश म्हणाला, "आत्याला आधी विचारलं होतं का, असं विचारतेय."

विचारले नव्हते. प्रत तयार करूनच पाठवली होती.

त्यानंतर कादंबरीने ऑफिसच्या वकिलांना लेखी विचारले. उत्तर आले: वारशाने मिळणे म्हणजे विकत घेणे नव्हे. मात्र कळवावे लागेल आणि ठरलेल्या मुदतीत विकावे लागेल. ती मुदत किती, हे तिने मला सांगितले नाही. मी मरणाचा महिना त्याप्रमाणे निवडीन अशी तिला भीती असावी.

मी तिला विचारले, "विकायचेच आहेत, तर घेतेस कशाला?"

ती म्हणाली, "आई, इतकी वर्षं मी लोकांचं विकतेय. ज्यांची पेन्शन आहे त्यांचं. आपलं विकताना कसं वाटतं, मला माहीत नाही. आणि विकायला आधी ते आपलं असावं लागतं."

हे मला पटले. सबब, ओनोसे पंप कंपनीचे माझे सर्व शेअर मी कादंबरीला देते. पन्नास-पन्नास केले तर दोघांपैकी कोणालाच सभेत बसता येणार नाही, म्हणून तुकडे करत नाही. तेवढ्या किमतीची रक्कम ठेवींतून आधी जयेशला द्यावी आणि उरलेल्या ठेवी निम्म्या-निम्म्या वाटाव्यात. त्याची याला संमती आहे. या वेळी मी त्याला आधी विचारले.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जयेशने करावी. तो जवळ आहे, त्याला जपानी कचेऱ्यांची सवय आहे आणि तो माणूस चांगला आहे. घर विकणे, खाती बंद करणे, जुने सामान कचऱ्याच्या नियमाप्रमाणे वर्गवारी करून टाकणे, हे सर्व त्याने आपल्या सहीने करावे. अपवाद एकच. ओनोसेचे शेअर आधी कादंबरीच्या नावावर करावेत आणि तिथे थांबावे. तिच्या वतीने, तिच्या सोयीसाठी किंवा तिचा त्रास वाचावा म्हणून ते विकू नयेत. मधल्या काळात सभा आली तर तिला तिथे जायचे की नाही, हे तिने आणि तिच्या वकिलांनी पाहावे. माझे प्रश्न मी कोणाच्या नावे लिहून ठेवत नाही. ते शेअर किती काळ ठेवायचे, हे तिच्या ऑफिसने ठरवावे. कोणी विकायचे, ते मी ठरवले आहे.

वरील मजकूर मी दोनदा वाचून पाहिला. तो माझाच आहे आणि मला मान्य आहे.

सही आणि शिक्का
कुमुदिनी विजयकुमार रिसबूड

साक्षीदार. श्रीमती रिसबूड यांनी आमच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर केली. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

१. धीरज उपासनी, संशोधक, राहणार त्सुकुबा
२. तोमिको सेगावा, शेजारीण, राहणार त्सुकुबा (मराठी वाचता येत नाही, सही पाहिली)

स्थळ: त्सुकुबा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५